हृदयाच्या खिशातली गाठ

मला प्रश्न फार पडतात. ही माझी सवय घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि थोडी नकोशीही होती. मी सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत असे, त्यामुळे शाळेत ती सवय खपून जायची. देवघरात मात्र पंचाईत व्हायची. सासूबाई आरती म्हणत असायच्या आणि माझ्या मनात यायचं, आपण हे जे मागतो ते ऐकणारं खरंच कुणी असेल का? असेल, तर एकाचं ऐकतं आणि दुसऱ्याचं नाही, असं का? मी नास्तिक नव्हते. वाईला कृष्णेच्या घाटावर वाढलेली मुलगी नास्तिक होणं तसं अवघडच. कृष्णाबाईला, म्हणजे नदीच्याच देवीला, मी लहानपणापासून आईच्या जवळची कुणीतरी नातेवाईक असावी तसं मानत आले होते. पण श्रद्धा म्हणून जे काही असतं ते माझ्याकडे आहे की नुसतीच सवय आहे, हे मला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, "अगं, हात जोडलेस की तेवढा वेळ तरी डोकं बंद ठेवत जा." मी हसले होते. ते काही मला जमत नव्हतं.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट आहे. मी पस्तिशीच्या आत होते, मुलगी तिसरीत होती. शाळेची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, आणि त्या वर्षी तिथपर्यंतचा जिना मला चढवेना. आधी वाटलं, वजन वाढलं असेल. मग एका पायरीवर थांबून पुढची चढायची, असं सुरू झालं. मुलींना कळू नये म्हणून मी थांबल्या जागी भिंतीवरचा तक्ता वाचल्यासारखं करी. पुढे आडवं पडलं की खोकला यायला लागला, एक उशी होती तिथे तीन झाल्या, आणि एके दिवशी थुंकीत गुलाबी रंग दिसला. तेव्हा मात्र माझे यजमान, जे हळदीच्या एका पेढीवर हिशेबनीस होते आणि एरवी सगळं शांतपणे घेत, त्यांनी मला सांगलीतल्या आमच्या जुन्या डॉक्टरांकडे नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं, आणि विचारलं, "लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता का?"

मी थक्कच झाले. आला होता. पाचवीत असताना गुडघे सुजले होते, आईने एरंडाची पानं गरम करून बांधली होती आणि मी कितीतरी दिवस शाळेला मुकले होते. ते सगळं विसरूनही गेले होते. पण छातीवर ठेवलेल्या नळीतून या माणसाला माझं वाईचं बालपण कसं ऐकू आलं? डॉक्टर म्हणाले, हा सांधेताप सांध्यांतून निघून जातो, पण जाताना हृदयाच्या झडपेला धरतो. झडपेची पाती एकमेकांना चिकटत जातात, दार किलकिलं राहतं. डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातून खाली उतरणारं रक्त तिथे अडतं आणि मागे फुप्फुसात तुंबतं. म्हणून धाप. त्या झडपेचं नाव मायट्रल, आणि माझी चांगलीच आकसली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत मोकळा तास होता. प्रयोगशाळेच्या कपाटात बकऱ्याचं हृदय ठेवलेली एक बरणी होती. दर वर्षी मी ती मुलींपुढे धरून 'हा डावा कप्पा, हा उजवा' असं सांगत आले होते, पण खरं म्हणजे मी स्वतः कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी ते हृदय ताटात काढलं, कात्रीने एका बाजूने उघडलं आणि ती झडप शोधली. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पातळ, पांढरी, आणि तिच्या कडांना खालून दोऱ्या बांधलेल्या. छत्रीच्या काड्यांना कापड ताणून बसवावं तशी. मी करंगळीचं टोक त्यातून घातलं. एवढ्याशा पापुद्र्याच्या उघडझापीवर माणूस जिने चढतो, स्वयंपाक करतो, वर्गात ओरडतो! त्या क्षणी मला भीतीपेक्षा नवलच जास्त वाटलं. घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी मला आधी आंघोळीला पाठवलं. यजमान म्हणाले, "तुला भीती वाटत नाही का गं?"

"वाटते ना," मी म्हणाले. "पण बघितलं की जरा कमी होते."

सांगलीच्या डॉक्टरांनी पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथले हृदयाचे डॉक्टर तरुण होते, भराभर बोलायचे, पण प्रश्न विचारला तर घड्याळाकडे बघायचे नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की पूर्वी छाती उघडून, हृदयात बोट घालून ही झडप मोकळी करत. अजूनही झडप फारच खराब असली तर छाती उघडून कृत्रिम झडप बसवावी लागते. पण माझी झडप अजून मऊ होती. तिच्यासाठी आता दुसरा मार्ग होता. जांघेतल्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकवायची, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला सुईने छिद्र पाडून पलीकडे जायचं, झडपेच्या तोंडाशी नळीच्या टोकावरचा फुगा फुगवायचा, आणि चिकटलेली पाती सुटी करायची. टाके नाहीत, छातीवर व्रण नाही, दोन-चार दिवसांत घरी.

"आणि यात वाईट काय होऊ शकतं?" मी विचारलं. यजमानांनी माझा हात दाबला, पण मला ऐकायचंच होतं. डॉक्टरांनी सांगितलं. सुई चुकून हृदयाच्या बाहेरच्या भिंतीतून गेली तर रक्त भोवती साठतं. झडप फाटली तर ती गळायला लागते, मग तातडीने छाती उघडावी लागते. आणि कप्प्यात रक्ताची गाठ असली तर नळीच्या धक्क्याने ती सुटून मेंदूकडे जाऊ शकते. "पण छातीवर यंत्र फिरवून तुमचा इको केला, त्यात गाठ दिसत नाही," ते म्हणाले. माघ महिन्यातली तारीख ठरली.

परतीच्या प्रवासात मला जाणवलं, मी सगळं विचारलं होतं, सगळं समजलंही होतं, आणि तरी हाताला काहीच लागलं नव्हतं. माहिती होती, धीर नव्हता. सासूबाईंनी गणपतीला साकडं घातलं. माझ्या आईने वाईहून निरोप पाठवला, की पुण्याला जाण्याआधी आमच्या घाटावरचा कृष्णाबाईचा उत्सव आहे, वाटेवरच आहे, ओटी भरून पुढे जा. यजमानांचं मत होतं की गर्दीत जाऊ नये. मलाही घाटाच्या पायऱ्यांची धास्ती होती. पण आईचा शब्द मोडवला नाही. खरं सांगायचं तर मला त्या आठवड्यात माहेरी जायचं होतं, कारण परत जाता येईल की नाही याची खात्री नव्हती.

उत्सवाच्या दिवसांत वाईचा घाट ओळखू येत नाही. मांडव, रांगोळ्या, देवीचा सजवलेला मुखवटा, आणि दुपारी नदीच्या काठाने लांबच लांब पंगती. यजमान घरीच थांबले होते; आईच्या आधाराने मी पायऱ्या उतरले, थांबत थांबत. ओटी भरली. देवीपुढे उभी राहिले तेव्हा काहीतरी मागायला हवं होतं, पण धाप एवढी लागली होती की काही सुचेना. मी नुसतीच तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिले आणि मागच्या बायकांनी पुढे सरकायला सांगितल्यावर सरकले.

आई देवीजवळच थांबली. पंगतीत मला टोकाला बसवलं, म्हणजे हवा लागेल. माझ्या शेजारी एक जोडपं होतं. खरं तर बायका आणि पुरुष वेगळे बसले होते, पण या दोघांना कुणी उठवलं नव्हतं. बाई चाळिशीच्या, सावळ्या, नऊवारीतल्या. पुरुष ताठ पाठीचा, मिशा कातरलेल्या, सैन्यातला असावा असं बघताच कळत होतं. तो तिच्या पत्रावळीवरचा भात कालवून देत होता आणि ती डाव्या हाताने खात होती. वाढणारी एक बाई थबकली आणि सहज म्हणाली, "अहो, प्रसाद आहे, उजव्या हातानं घ्या की."

तो पुरुष मान वर न करता, शांतपणे म्हणाला, "उजवा हात ऱ्हायला न्हाई तिचा, ताई."

वाढणारी ओशाळली, पुढे गेली. आजूबाजूच्या सगळ्यांनी नजर आपापल्या पत्रावळीकडे वळवली. मीही वळवायला हवी होती. पण माझ्या त्या सवयीने मी विचारून बसले, "दादा, काय झालं त्यांना?"

त्याला राग आला नाही. उलट, कुणीतरी विचारावं याची वाटच पाहत असल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. "हिच्या काळजाची झडप आवळली हुती," तो म्हणाला. "लय धाप लागायची. आत्ता तुमास्नी लागतीया, अगदी तशीच. मी पल्टनीत हवालदार हुतो, म्हनून मिल्ट्रीच्या दवाखान्यात दाखवली. तितल्या सायबांनी मांडीतनं नळी घालून फुगा फुगवला. झडप उघडली बगा. झक्कास उघडली. पन त्याच टायमाला आत रक्ताची गाठ हुती, ती सुटली अन् डोस्क्यात गेली. हात गेला, बोलनं गेलं. आता बोलनं थोडं थोडं येतंय."

मी म्हटलं, "पण आधी इको केला असेल ना? त्यात दिसली नाही गाठ?"

"न्हाई दिसली. सायेब बी लय हळहळला. म्हनाला, काळजाच्या मागच्या अंगाला एक खिसा आसतो, त्यात गाठ दडून बसती. वरनं छातीवर यंतर फिरवून ती दिसत न्हाई. आता म्हनं एक नळी निगालीया, ती गिळायची, मग घशातनं मागच्या अंगानं दिसतं. तिचं नाव काय ते मला ठावं न्हाई." मग त्याने थांबून विचारलं, "तुमचं बी तेच हाय काय, ताई?"

मी मान हलवली. त्याने कालवणारा हात आवरला. "मग इचारा. गिळायची नळी घालून बगितलं काय, येवढं इचारा."

तेवढ्यात त्या बाईंनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. बोटांना भात लागलेला होता. तोंड किंचित वाकडं झालं, ओठ शब्द शोधत राहिले आणि मोठ्या कष्टाने एकच शब्द बाहेर आला. "इच्यार."

पंगत उठली, गर्दी झाली, आई मला शोधत आली आणि ते दोघं पायऱ्या चढून गेले. त्यांची मुलगी वाईजवळच्या एका गावात दिली होती, तिच्याकडे आले होते, आणि मूळचे कवठे महांकाळकडचे, एवढंच बोलण्यात कळलं होतं. नावसुद्धा विचारलं नाही मी. जगातलं सगळं विचारणारी मी, तेवढं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एस.टी.त मी यजमानांना सगळं सांगितलं. खंबाटकीचा घाट चढल्यावर ते म्हणाले, "कोण कुठला माणूस, आणि त्याच्या सांगण्यावरून आपण एवढ्या मोठ्या डॉक्टरांना शिकवायचं? ते चिडले तर? उद्या त्यांच्याच हातात तुझा जीव असणार आहे." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मलाही तीच भीती होती. आणि दुसरी एक भीती होती, जी मी त्यांना सांगितली नाही: तारीख पुढे गेली तर पुन्हा इतका धीर गोळा करता येईल का? शिरवळला गाडी चहासाठी थांबली. सगळे उतरले. मी खिडकीशी बसून राहिले आणि माझ्या मनगटाकडे बघत राहिले. तिथे काही खूण नव्हती, पण त्या बाईंची पकड अजून जाणवत होती. त्यांना त्या एका शब्दासाठी किती यातना झाल्या होत्या ते मी पाहिलं होतं. एवढ्या कष्टाने कुणी मला दुसरं काही दिलं नव्हतं. ते न वापरता मी पुढे कशी जाणार?

हॉस्पिटलात दाखल झाल्यावर डॉक्टर तपासायला आले तेव्हा मी विचारलं. डॉक्टर चिडले नाहीत. जरा थांबले, माझी नाडी पुन्हा पाहिली आणि म्हणाले, "ती तपासणी आम्ही करतो, पण सगळ्यांची नाही. ज्यांचे ठोके अनियमित असतात त्यांची करतो. तुमचे नियमित आहेत, म्हणून गरज वाटली नव्हती." मग खिशातलं पेन काढत ते म्हणाले, "पण तुमच्या मनात आलंय तर करून घेऊ. सोपी नाही हं, मळमळेल."

खरंच सोपी नव्हती. घसा बधिर करून ती बोटाएवढी नळी गिळायला दिली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. पण चित्राचा पडदा माझ्या बाजूला होता आणि मी एका डोळ्याने बघत होते. करड्या धुक्यात माझं हृदय उघडझाप करत होतं. डॉक्टरांनी नळी किंचित फिरवली आणि खोलीतलं बोलणं थांबलं. वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यात, एका अरुंद खोबणीत, काहीतरी गोल हलत होतं. पाण्यात भिजलेल्या वाटाण्यासारखं. नळी काढल्यावर मी विचारायच्या आधीच डॉक्टर म्हणाले, "गाठ आहे." मग स्टुलावर बसले. "उद्या आपण फुगा घातला असता," एवढं बोलून त्यांनी माझ्या कागदावरची उद्याची तारीख खोडली.

ही कृपा होती की योगायोग, यावर मी कुणाशी कधी वाद घातला नाही. घरी सासूबाई म्हणाल्या, कृष्णाबाईच त्या बाईच्या रूपाने आली होती. मी ऐकून घेतलं, पण माझं मन तिथे अडखळलं. ती बाई देवी नव्हती. तिचा उजवा हात चालत नव्हता. तिच्या घरी भांडी घासायची असणार, केस विंचरायचे असणार. मला वाचवणारी गोष्ट तिच्या वाट्याला आलेल्या आघातातून आली होती. देवीला मला वाचवायचं होतं तर तिला का नाही? देवघरात बसले की हाच प्रश्न समोर यायचा, आणि आता तो पूर्वीसारखा हौसेचा राहिला नव्हता.

रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. गाठ आपोआप विरघळेल अशी आशा होती, खात्री नव्हती. मिरजेला जाऊन वरचेवर रक्त तपासून घ्यायचं, गोळी कमी पडली तर गाठ वाढायची भीती, जास्त झाली तर रक्तस्रावाची. दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं तरी घर घाबरायचं. गोळीचा गुण कमी होतो म्हणून मेथी-पालक बंद, कापेल म्हणून विळीवर बसायचं बंद. शाळेतून रजा. मुलगी शाळेतून आली की माझ्या दंडावर कुठे निळा डाग पडलाय का ते बघायची. सगळा उन्हाळा आणि पावसाळा असा गेला. मी खिडकीशी उशांना टेकून बसायचे, आणि मला एक गोष्ट हळूहळू शिकावी लागली. एखादा प्रश्न विचारून झाला की त्याचं उत्तर यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आपल्याला करण्यासारखं काहीही नसतं. गोळी घ्यायची, दिवस जाऊ द्यायचा. मला हे फार जड गेलं. सासूबाई माझ्या शेजारी बसून वाती वळायच्या. एकदा मी त्यांना विचारलं, "आई, तुम्ही इतकी वर्षं देवाचं करता, तुम्हाला कधी शंका नाही आली?" त्या वात वळता वळता म्हणाल्या, "आली की. पण म्हणून दिवा लावायचा ठेवला नाही." मला वाटलं होतं, त्यांचं डोकं हात जोडल्यावर खरोखर बंद होत असेल. तसं नव्हतं तर.

दसऱ्यानंतर पुन्हा नळी गिळली. खोबण रिकामी होती.

फुगा घालायच्या दिवशी मी जागी होते. जांघेत बधिर करायचं इंजेक्शन, थंडगार खोली, वर फिरणारं यंत्र आणि बाजूला चित्राचा पडदा. डॉक्टरांना माझा स्वभाव आता माहीत झाला होता; त्यांनी पडदा माझ्याकडे वळवायला सांगितला. तारेसारखी नळी पोटातून वर सरकत गेली. मला ती जाणवत नव्हती, फक्त दिसत होती. "आता कप्प्यांमधला पडदा ओलांडतोय, हलू नका," ते म्हणाले, आणि मी श्वाससुद्धा हळू केला. मग नळीचं टोक पलीकडे वळलं, झडपेतून खाली उतरलं आणि फुगा भरायला लागला. आधी पुढचा भाग फुगला, मग मागचा, आणि मध्ये झडपेने आवळलेली कंबर तशीच राहिली. डमरू! हुबेहूब डमरू, माझ्या हृदयात. मला ते कुणाला तरी सांगायचं होतं. पण तेवढ्यात फुगा पूर्ण फुगला, झडपेचं तोंड बंद झालं, आणि काही क्षण पुढे रक्तच गेलं नाही. कानात सूं झालं, पडदा अंधुक झाला, डॉक्टरांचा आवाज लांबून आला. मी आयुष्यात पहिल्यांदा प्रश्नाशिवाय होते. मनात आलं ते फक्त "कृष्णाबाई", आणि तेही काही मागण्यासाठी नव्हे. लहानपणी घाटावर पोहायला शिकताना काकांनी पोटाखालचा हात काढून घेतला की पाणीच आपल्याला उचलून धरतं, तसं काहीतरी झालं. मी सोडून दिलं.

फुगा आक्रसला. छातीत धडधड उठली, विस्कटली, सावरली. आणि मग श्वास आला. कितीतरी वर्षांत पोचला नव्हता तिथपर्यंत, पार तळाशी गेला. डॉक्टर म्हणाले, "झडप मोकळी झालीय. किंचित गळते आहे, पण चालेल एवढी. पुढे पुन्हा आकसूही शकते, लक्ष ठेवावं लागेल." मी रडत होते आणि त्यांना वाटलं, दुखतंय.

जिना एका दमात चढता यायला लागला तेव्हा मी यजमानांना म्हटलं, आपण कवठे महांकाळला जाऊ. नावही माहीत नाही, या माझ्या बोलण्यावर ते हसले, पण आले. फारसं शोधावं लागलं नाही. स्टँडजवळच्या हॉटेलात विचारलं, हवालदार आहेत, बायकोचा उजवा हात चालत नाही. "हौसाबाईचं घर व्हय?" चहावाल्याने लगेच सांगितलं. माळावरची वस्ती, ज्वारीचं पीक पोटरीला आलेलं, कणसं बाहेर पडायच्या बेतात, दारात लिंबाचं झाड. हवालदार गोठ्यात होते. हौसाबाई झाडाखाली सुपात शेंगा निवडत होत्या, डाव्या हाताने, पायाच्या अंगठ्याने सूप दाबून धरून. त्यांनी मला ओळखलं नाही. मी वाईची पंगत सांगितली तेव्हा हवालदारांच्या डोळ्यांत ओळख आली. नळी, गाठ, सगळं मी सांगितलं. ते खाली बसले. म्हणाले, "आवं, आमी धाप लागल्याला मानूस दिसला की सगळ्यास्नी सांगतो. निम्मी लोकं हसत्यात. कुनी तरी इचारलं म्हनायचं!" मग बायकोकडे वळून मोठ्याने म्हणाले, "ऐकलंस न्हवं? ह्येंनी इचारलं!"

हौसाबाई माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. कृतज्ञता म्हणून मी आणलेली साडी त्यांच्या ओटीत ठेवली, पाया पडले, आणि मग जो प्रश्न वर्षभर देवापुढे मांडत होते तो मी त्यांनाच विचारला. "मी वाचले, आणि तुम्हाला असं झालं. देवाचा राग येत नाही तुम्हाला?"

त्यांना वेळ लागला. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. "येतो की... लय. पन... कामं... लय असत्यात." आणि त्या हसल्या. अर्ध्या तोंडाने, पण पुरेपूर.

मग त्यांनी माझ्या छातीकडे बोट केलं. "तुमी... बगितलं? आत... फुगा?" मी हो म्हणाले. "कसा... हुता?" हवालदार म्हणाले, "तिला न्हाई दावलं कुनी. आन् नंतर सांगनार कोन, अन् समजनार तरी काय, आसं वाटलं आसंल सायबास्नी." त्या वाकून माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. मी समजत होते, जाणून घ्यायची ही खोड माझीच. त्यांच्या शरीरात एवढं मोठं काही घडून गेलं होतं आणि ते काय होतं, हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मी जमिनीवर बसले. लिंबाची काडी घेतली आणि त्या सारवलेल्या अंगणाच्या कडेला, मऊ मातीत, मोठं हृदय काढलं. चार कप्पे काढले. ही झडप, ही चिकटली होती. इथून नळी आली, इथून पलीकडे गेली, इथे फुगा फुगला, असा, डमरूसारखा. झडप उघडली. तुमचीसुद्धा उघडली, चांगली उघडली, म्हणून तर आज धाप नाही. आणि इथे, मागच्या बाजूला, हा छोटासा खिसा. गाठ इथे बसली होती.

हौसाबाईंनी शेंगा बाजूला सारल्या. पुढे सरकून, डाव्या हाताचं बोट त्या मातीतल्या खिशावर ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. "हितं व्हय," त्या म्हणाल्या. आवाजात दुःख नव्हतं. हरवलेली एखादी वस्तू कुठे पडली होती ते शेवटी कळावं, तसा तो आवाज होता. मग मान वर करून म्हणाल्या, "भाकरी... खाऊन... जावा."

आम्ही जेवलो. देवाचं गणित मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. त्या दुपारपासून मी ते सोडवून मागणं मात्र थांबवलं आहे. मी अजून विचारते, पुष्कळ विचारते. विचारून झालं की हात जोडते आणि उत्तर कृष्णाबाईकडे सोपवते. कुणाच्या तोंडून, कोणत्या अंगणात, केव्हा, ते तिने ठरवावं. तिच्यापुढे उभी राहिले की आता मी काही मागत नाही. आधी हौसाबाईंचं नाव घेते, मग माझा श्वास एकदा तळापर्यंत जाऊ देते, आणि मागे रांगेतल्या बायका थांबलेल्या असतात म्हणून पुढे सरकते.